अमेरिकेत ‘शटडाऊन’ झालं की आईवडिलांचं मेडिकेअर आणि सोशल सिक्युरिटी बंद पडतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत राहणारे वडील ७१ वर्षांचे, त्यांना सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) मिळते आणि मेडिकेअर (६५ वर्षांवरच्यांचा सरकारी आरोग्यविमा) आहे. आई डिसेंबरात ६५ पूर्ण करणार, तिचं मेडिकेअर सुरू व्हायचंय. मावशी मेडिकेडवर, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यावर. शटडाऊनची बातमी आली की घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो, तर नक्की काय थांबतं?

आधी वडिलांचं. त्यांचे महिन्याचे पैसे थांबत नाहीत आणि मेडिकेअरही रद्द होत नाही. मावशीचं मेडिकेडही चालू राहतं. अडकू शकतं ते आईचं काम, आणि तेही पैशावाचून नाही, माणसांवाचून.

शटडाऊन म्हणजे तिजोरी रिकामी झाली असं नव्हे. अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, १२ खर्चविधेयकं मंजूर करायची असतात. ती झाली नाहीत तर आपल्याकडच्या लेखानुदानासारखी तात्पुरती मंजुरी घेतात. तीही झाली नाही, तर ज्या खात्याचा खर्च दरवर्षी मंजूर व्हावा लागतो त्या खात्याला, अत्यावश्यक कामं वगळता, एक डॉलरही खर्च करता येत नाही. कायदा जुना आहे, पण तो इतका कडक लावायला सुरुवात झाली १९८० मध्ये, अॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी तसं मत दिल्यावर.

सोशल सिक्युरिटीचा पैसा या दरवर्षीच्या मंजुरीत येतच नाही. पगारातून कामगाराचे ६.२ टक्के आणि मालकाचे ६.२ टक्के ट्रस्ट फंडात जातात आणि त्यातून लाभ देण्याची परवानगी कायद्यातच कायमची आहे. मेडिकेअरच्या पार्ट ए (रुग्णालय), बी (डॉक्टर) आणि डी (औषधं) यांचंही तसंच. गंमत अशी, की पैसा कायमचा मंजूर, पण तो वाटणाऱ्या कारकुनाचा पगार मात्र दरवर्षी मंजूर व्हावा लागतो. सगळी गडबड या एका विसंगतीतून होते.

१९९५ च्या शटडाऊनमध्ये सोशल सिक्युरिटी प्रशासनाने सुरुवातीला ६० हजारांहून अधिक लोक घरी पाठवले आणि पाच हजारांहून कमी कामावर ठेवले. जुन्या लाभार्थींना पैसे मिळत राहिले, पण नवे अर्ज तुंबले आणि काही दिवसांत सुमारे ५० हजार लोकांना परत बोलवावं लागलं. तो धडा त्यांनी लक्षात ठेवला. २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असं ४३ दिवस शटडाऊन चाललं, तेव्हा सुमारे ५२ हजारांपैकी ६,२०० च्या आसपास लोकच घरी बसले. मधे २०१८-१९ चं ३५ दिवसांचं शटडाऊन झालं, त्यात या खात्याला काहीच झालं नव्हतं, कारण त्याचं खर्चविधेयक आधीच मंजूर होतं. म्हणून बातमी आली की पहिला प्रश्न विचारायचा: कुठलं विधेयक अडकलंय? ‘लेबर-एचएचएस’ या नावाचं, कामगार आणि आरोग्य खात्यांच्या खर्चाचं विधेयक मंजूर असेल तर मेडिकेअर आणि सोशल सिक्युरिटीच्या बाबतीत तुम्ही निर्धास्त झोपा.

वडिलांच्या पैशांची तारीख जन्मतारखेवर ठरते. १ ते १० ला जन्म असेल तर महिन्याचा दुसरा बुधवार, ११ ते २० असेल तर तिसरा, त्यापुढे चौथा. मे १९९७ पूर्वीपासून घेणाऱ्यांना आणि अमेरिकेबाहेर राहणाऱ्यांना ३ तारखेला मिळतात. त्या तारखेला पैसे आले नाहीत तर शटडाऊनला दोष देण्याआधी बँक खातं बदललंय का ते बघा. २०२५ मध्ये भर म्हणून ३० सप्टेंबरपासून सरकारने कागदी चेक जवळजवळ बंद केले. दुसऱ्याच दिवशी शटडाऊन सुरू झालं, त्यामुळे दोन वेगळ्या गोष्टींची चांगलीच खिचडी झाली.

महागाईनुसार सोशल सिक्युरिटीच्या रकमेत दरवर्षी होणाऱ्या वाढीचंही सांगतो. २०२६ साठीची २.८ टक्के वाढ नेहमीप्रमाणे ऑक्टोबरच्या मध्याला जाहीर व्हायची होती, ती २४ ऑक्टोबरला झाली, कारण सप्टेंबरचा महागाई निर्देशांक काढणारेच लोक घरी होते. फक्त घोषणा लांबली. जानेवारीपासूनच्या रकमेवर त्याचा परिणाम नाही.

मग २०२५ मध्ये सोशल सिक्युरिटीच्या काउंटरवर काय थांबलं? हरवलेल्या मेडिकेअर कार्डाच्या जागी दुसरं देणं, कमाईच्या नोंदीतली चूक दुरुस्त करणं (चालू अर्जाला ती लागत असेल तर वगळून), जादा दिलेल्या रकमेच्या वसुलीची प्रकरणं, आणि सुरुवातीला लाभाचं पत्रही, म्हणजे तुम्हाला किती लाभ मिळतो याचा दाखला. हे शेवटचं लोकांना सगळ्यात जास्त जाचतं. घर भाड्याने घेताना, सवलतीच्या घरासाठी किंवा नातेवाइकाच्या ग्रीनकार्डाला प्रायोजक होताना ते मागतात. ‘माय सोशल सिक्युरिटी’ या ऑनलाइन खात्यातून ते कधीही छापता येतं, शटडाऊनमध्येसुद्धा. वडिलांचं खातं आजच उघडून ठेवा. ओळख पटवण्याची पायरी अडली की फोनवर मदत मिळायला फार वेळ लागतो. मेडिकेअर कार्डाचंही तसंच, मेडिकेअरच्या खात्यातून छापून घ्या. आणि कमाईची नोंद खात्यात वर्षवार दिसते ती तपासा. एखादं वर्ष शून्य दिसत असेल तर त्या वर्षाचा डब्ल्यू-२ (मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला) शोधून ठेवा.

आता आई. वडिलांचे ४० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम, पूर्ण असेल तर आईला पार्ट ए विनाप्रीमियम मिळतं, स्वतः कधी नोकरी केली नसली तरी. पार्ट बीला मात्र २०२६ मध्ये महिना २०२.९० डॉलर आहेत. नोंदणीची खिडकी सात महिन्यांची: वाढदिवसाच्या महिन्याआधीचे तीन, तो महिना, आणि नंतरचे तीन. डिसेंबरचा वाढदिवस म्हणजे सप्टेंबर ते मार्च. नोव्हेंबरअखेरपर्यंत नोंदणी झाली तर पार्ट बी १ डिसेंबरला सुरू होतं. डिसेंबरात किंवा पुढे केली तर नोंदणीनंतरच्या महिन्यापासून.

म्हणजे आईच्या खिडकीचे सुरुवातीचे महिने आणि शटडाऊनचा मोसम नेमके एकमेकांवर येतात. २०२५ मध्ये नवे अर्ज घेतले जात होते, पण कार्यालयं आणि फोनलाइन दोन्ही ताणलेल्या. शटडाऊन झालं म्हणून मुदत वाढत नाही, हे नीट लक्षात घ्या. खिडकी चुकली तर प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांच्या उशिराला पार्ट बीच्या प्रीमियमवर १० टक्के दंड, आणि तो सहसा पार्ट बी असेपर्यंत भरत राहावा लागतो. म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच ऑनलाइन अर्ज करा आणि पोचपावतीचा क्रमांक जपून ठेवा. पुढे निर्णयाला वेळ लागला तरी अर्जाची तारीख तुमच्या हातात असते.

या अर्जात सगळ्यात जास्त अडतं ते कागदांवर. आई वडिलांच्या नोंदीवर अर्ज करतेय म्हणून विवाहाचा दाखला लागेल. मूळ प्रत किंवा देणाऱ्या कार्यालयाने प्रमाणित केलेली प्रतच चालते. नोटरीचा शिक्का मारलेली झेरॉक्स परत येते. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर सोबत ठेवा, वेळ वाचतो. ग्रीनकार्ड पोस्टाने कधीच पाठवू नका, भेटीची वेळ घेऊन स्वतः दाखवा. आई नोकरी करत होती आणि मालकाच्या विम्यावर राहून तिने पार्ट बी लांबवलं असतं, तर सीएमएस-एल५६४ हा फॉर्म मालकाकडून भरून घ्यावा लागला असता. मालक म्हणजे खुद्द केंद्र सरकारचं खातं असेल तर शटडाऊनमध्ये तिथला मनुष्यबळ विभागच जागेवर नसण्याची शक्यता. अशा वेळी विम्याची कपात दाखवणाऱ्या पगारपावत्या आणि डब्ल्यू-२ पर्यायी पुरावा म्हणून देता येतात.

मेडिकेअरच्या उपचारांचं बोलू. डॉक्टर आणि रुग्णालयांचे क्लेम सरकारी कर्मचारी नव्हे, कंत्राटदार कंपन्या निकाली काढतात, आणि ते काम चालू राहतं. २०२५ मध्ये केंद्र सरकारने त्यांना काही क्लेम काही काळ रोखायला सांगितलं होतं. तशीही इलेक्ट्रॉनिक क्लेमची रक्कम १४ दिवसांआधी देता येत नाही, त्यामुळे रोगी म्हणून तुम्हाला ते जाणवलंही नसेल. खरा फटका बसला तो शटडाऊनसोबत मुदत संपलेल्या तात्पुरत्या तरतुदींचा. घरी बसून व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना दाखवण्याची कोविडकाळातली सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. मानसिक आजारांसाठी ती कायम होती, बाकीच्यांसाठी मूळ मेडिकेअरचं संरक्षण गेलं. रुग्णालयाच्या देखरेखीखाली घरीच दाखल राहण्याची योजनाही त्याच दिवशी थांबली. १२ नोव्हेंबरच्या कायद्याने दोन्ही सवलती मागच्या तारखेपासून परत आणल्या, पण मधल्या सहा आठवड्यांत अनेक दवाखान्यांनी ‘अॅडव्हान्स बेनिफिशियरी नोटिस’ पुढे केली. त्यावर सही म्हणजे ‘मेडिकेअरने नाकारलं तर मी भरीन’ अशी कबुली. न वाचता सही करू नका. पुन्हा अशी वेळ आली तर शक्यतो त्या काळात प्रत्यक्ष भेटीची वेळ मागा. २०२५ मध्ये तेव्हा पैसे भरले असतील तर दवाखान्याला क्लेम पाठवून परतावा द्यायला सांगा. वडिलांनी मेडिकेअर खासगी कंपनीच्या ‘अॅडव्हान्टेज’ प्लॅनमधून घेतलं असेल तर त्याचे व्हिडिओ कॉलचे नियम वेगळे असतात, कार्डामागच्या क्रमांकावर विचारा.

मेडिकेअरचा प्लॅन बदलण्याचा हंगाम १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर. २०२५ मध्ये मेडिकेअर चालवणाऱ्या संस्थेचे जवळपास निम्मे लोक घरी होते आणि ऑक्टोबरच्या शेवटी या हंगामासाठीच त्यांना परत बोलवलं. मुदत एका दिवसानेही वाढली नाही.

मावशीचं मेडिकेड केंद्र आणि राज्य मिळून चालवतात, न्यू जर्सीत त्याला ‘एनजे फॅमिलीकेअर’ म्हणतात. केंद्राचा वाटा दरवर्षीच्या मंजुरीतूनच येतो, पण काँग्रेस पुढच्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीचे पैसे आगाऊ मंजूर करते. म्हणून १ ऑक्टोबरला सुरू झालेलं शटडाऊन डिसेंबरअखेरपर्यंत सोसता येतं. गरीब वृद्ध आणि अपंगांना दरमहा मिळणाऱ्या मदतीला, एसएसआयलाही, हीच ढाल आहे. अन्नमदतीच्या ‘स्नॅप’ला ती नव्हती, आणि म्हणूनच नोव्हेंबर २०२५ मध्ये लाखो घरांत ते पैसे वेळेवर पोचले नाहीत. कायद्याने हक्क दिला एवढ्यावर भागत नाही, पैसे काढायची परवानगी कधीपर्यंत आहे ते बघावं लागतं. मावशीला खरा धोका शटडाऊनचा नाही, नूतनीकरणाच्या पत्राचा आहे. ‘सरकार बंद आहे’ म्हणून ते बाजूला टाकलं तर राज्याचं कार्यालय, जे चालूच असतं, तिचं नाव कापेल.

नुकतेच ग्रीनकार्डावर आलेले आईवडील मेडिकेअरसाठी पाच वर्षं सलग राहून होईपर्यंत सहसा सरकारी विमा-बाजारपेठेतला ‘ओबामाकेअर’ प्लॅन घेतात. तो शटडाऊनने बंद पडत नाही. जानेवारी २०२६ मध्ये त्याचा प्रीमियम उसळला तो प्रीमियमवरची वाढीव सरकारी सवलत ३१ डिसेंबरला संपल्याने. २०२५ च्या शटडाऊनचं भांडण त्याच सवलतीवरून पेटलं होतं, म्हणून लोक दोन्हीची सांगड घालतात.

निवृत्तीनंतर पुण्या-नाशकात परतलेल्यांसाठी एवढंच: पैसे ३ तारखेला येत राहतात, मेडिकेअर मात्र भारतातल्या रुग्णालयात चालत नाही, शटडाऊन असो वा नसो. परदेशी लाभार्थींना पत्राने येणारा एसएसए-७१६२ हा ‘तुम्ही हयात आहात ना’ छापाचा फॉर्म वेळेत परत गेला नाही तर पैसे थांबतात, आणि तेव्हा दोष शटडाऊनला देऊन उपयोग नाही.

कर्जमर्यादा, म्हणजे सरकार किती कर्ज काढू शकतं याची कायद्याने ठरवलेली मर्यादा, ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे, वर्तमानपत्रं दोन्ही एकाच दमात छापतात. शटडाऊनमध्ये पैसे असतात, काही खात्यांना खर्चाची परवानगी नसते. कर्जमर्यादा गाठली तर परवानगी असते, पण उसनवारी बंद होऊन तिजोरीत पैसेच कमी पडतात, आणि तिथे सोशल सिक्युरिटीचे पैसे खरंच उशिरा येऊ शकतात. जुलै २०२५ मध्ये ही मर्यादा पाच लाख कोटी डॉलरने वाढवली, त्यामुळे तूर्त ती डोक्यावर नाही.

वडिलांना एक सांगून ठेवा. शटडाऊनच्या काळात ‘तुमचा लाभ थांबलाय, चालू करायला क्रमांक सांगा’ असे फोन हमखास येतात. फोन ठेवून द्यायचा आणि शंका असेल तर स्वतः १-८००-७७२-१२१३ लावायचा. सोशल सिक्युरिटीवाले गिफ्ट कार्डावर पैसे मागत नाहीत.