सरळ निसटणारा प्रकाश

प्रश्न: होलोग्राफीने (दोन लेझर किरण एकमेकांवर पाडून) लिहिलेल्या लिक्विड क्रिस्टल ग्रेटिंगमधून, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या बारीक नक्षीच्या थरातून, ६३३ नॅनोमीटरचा (लाल) बराच प्रकाश न वळता सरळ जातो. का?

उत्तर: आधी जाडी मोजा. सगळा प्रकाश वळायला हवी ती जाडी म्हणजे तरंगलांबी भागिले द्विअपवर्तनाची (थराच्या दोन अपवर्तनांकांतल्या फरकाची) दुप्पट, द्विअपवर्तन ०.१५ असेल तर सुमारे २.१ मायक्रॉन. थर १.६ मायक्रॉनच बसला, तर जवळपास १४ टक्के प्रकाश सरळ निसटतो. उपाय सोपा: वरून आणखी एक पातळ थर, काच वेगाने फिरवून, चढवा आणि नायट्रोजनमध्ये अतिनील प्रकाशाने पक्का करा, हवेतला ऑक्सिजन पृष्ठभाग चिकट ठेवतो. एकच जाड थर देण्याचा मोह नको, रेणूंची शिस्त वर बिघडते.

प्रकाश धुरकट विखुरत असेल, तर दोष लिखाणातला. नक्षी लिहिणारे दोन्ही किरण सारख्याच तीव्रतेचे, एक डावा, दुसरा उजवा वर्तुळ-ध्रुवित हवा. किरणांना वर्तुळ-ध्रुवित करणारी क्वार्टर-वेव्ह प्लेट तपासा.