निलंबनकाळाचा पगार मागताय? आधी आदेश पुन्हा वाचा

विट्याहून एका वाचकांनी विचारलं आहे: "राज्य शासनाच्या कार्यालयात 1999 पासून लिपिक आहे. ऑगस्ट 2014 मध्ये निलंबन, ऑक्टोबर 2015 मध्ये पुन्हा हजर, जून 2018 मध्ये विभागीय चौकशीत दोषमुक्त. फेब्रुवारी 2019 मध्ये आदेश हातात पडला: 'निलंबन कालावधीत अदा केलेला निर्वाह भत्ता कायम ठेवण्यात येत असून उर्वरित वेतन व भत्ते अनुज्ञेय राहणार नाहीत.' त्यावर अपील केलं नाही, पण अकरा स्मरणपत्रं दिली. गेल्या वर्षी 'मागणी यापूर्वीच अमान्य' असं उत्तर आलं. 14 महिन्यांचा पगार व्याजासह मिळेल का? वकिलाची नोटीस पाठवू का? मे 2028 मध्ये निवृत्त होतोय."

अशी पत्रं सातारा-सांगलीहून सतत येतात आणि बहुतेकांत तीच चूक असते. तुम्ही अकरा वेळा पगार मागितला, पण 2019 चा आदेश चुकीचा आहे, असं एकदाही म्हटलं नाही. तो आदेश जागेवर असेपर्यंत पगाराला आधार नाही. नोटिशीचे पैसे वाचवा. त्या नोटिशीने मुदत थांबत नाही.

प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, 1985 च्या कलम 21 प्रमाणे अंतिम आदेशापासून एका वर्षात महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, जायचं असतं. तुमचं वर्ष फेब्रुवारी 2020 मध्ये संपलं. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून जो काळ वगळला तो 15 मार्च 2020 पासूनचा, त्यामुळे ती सवलतही हुकली. गेल्या वर्षीच्या उत्तरापासून नवी मुदत सुरू झाली, असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मेलेल्या मागणीला नुसत्या उत्तराने जीव येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सी. जेकब प्रकरणात 2008 मध्येच सांगितलं आहे.

मग उरलं काय? तुम्ही उतरवून पाठवलेलं ते वाक्य. ते फक्त पैशांबद्दल बोलतं. निलंबनकाळातील प्रदानांच्या 1981 च्या महाराष्ट्र नागरी सेवा नियमांतला नियम 72 सक्षम प्राधिकाऱ्याला दोन गोष्टी ठरवायला सांगतो: वेतन व भत्ते किती द्यायचे, आणि तो काळ कर्तव्यकाळ, म्हणजे कामावर घालवलेला काळ, धरायचा की नाही. दुसऱ्या गोष्टीवर तुमच्या आदेशात एक अक्षर नाही. शिवाय पूर्ण पगार द्यायचा नसेल तर किती देणार हे आधी नोटिशीने कळवून तुमचं म्हणणं मागवावं लागतं, आणि त्यासाठी दिलेली मुदत 60 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. अशी नोटीस मिळाल्याचा उल्लेख पत्रात नाही. ती खरोखर आली नसेल, तर तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे.

मॅटमध्ये शासनाची बाजू मांडणारे सादरकर्ता अधिकारी म्हणतील की कमी वेतन दिलं असेल तर वेगळं लिहिल्याशिवाय तो काळ कर्तव्यकाळ ठरत नाही. नियमात तसं आहे. पण त्याच नियमात एखाद्या विशिष्ट प्रयोजनासाठी तो काळ कर्तव्यकाळ धरण्याचा अधिकारही प्राधिकाऱ्याला दिला आहे. दोषमुक्त कर्मचाऱ्याबाबत तो वापरायचा की नाही, याचा विचारच झाला नाही, अशी तुमची तक्रार हवी.

आता वेतनवाढीकडे या, कारण खरं नुकसान तिथे आहे. 1 जुलै 2015 ला तुम्ही निलंबित होता, म्हणून ती वेतनवाढ गेली. ऑक्टोबरमध्ये हजर झालात आणि वेतनवाढीसाठी लागणारी सहा महिन्यांच्या सेवेची अट पूर्ण झाल्याने जुलै 2016 ची मिळाली. मधे 1 जानेवारी 2016 ला सातव्या आयोगाची वेतननिश्चिती झाली, ती त्या एका वाढीने कमी असलेल्या मूळ वेतनाला 2.57 ने गुणून. म्हणजे मूळ वेतनाच्या तक्त्यात (मॅट्रिक्समध्ये) तुम्ही बहुधा एक सेल, म्हणजे एक पायरी, मागे बसलात आणि आजही तिथेच असाल. तुमच्याबरोबर त्याच पदावर, त्याच वेतनश्रेणीत लागलेल्या सहकाऱ्याची वेतनचिठ्ठी शेजारी ठेवा, लगेच कळेल. सेलमागे फरक सुमारे 3 टक्के मूळ वेतनाचा, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे. जुनी पेन्शन असल्याने निवृत्तिवेतन, अंशराशीकरण, उपदान आणि रजा रोखीकरण हे सगळं त्याच मूळ वेतनावर निघणार.

14 महिन्यांचा पगार ही एकदाच देय झालेली, मुदत गेलेली रक्कम. चुकीची वेतननिश्चिती मात्र दर महिन्याच्या पगारात पुन्हा घडते. सर्वोच्च न्यायालयाच्या एम. आर. गुप्ता (1995) आणि तरसेम सिंग (2008) या निकालांनुसार अशा चालू राहणाऱ्या चुकीला उशिराची आडकाठी सहसा येत नाही; फक्त थकबाकी सर्वसाधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणून उशिराचा प्रत्येक महिना मागच्या टोकाचा एक महिना कापतो. तुमचं नुकसान एका जुन्या आदेशाचाच परिणाम आहे, ती चालू चूक नाही, असाही युक्तिवाद होईल आणि तो अगदीच पोकळ नाही. निकाल तुमच्याच बाजूने लागेल असं मी लिहून देणार नाही.

मॅटमध्ये दाखल करायच्या मूळ अर्जात मागण्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी 2019 चा आदेश रद्द करण्याची, मग 14 महिने सर्व प्रयोजनांसाठी कर्तव्यकाळ धरण्याची, मग पगाराची. त्याखाली पर्यायी मागणी वेगळ्या परिच्छेदात हवीच: किमान वेतनवाढ आणि निवृत्तिवेतनासाठी तो काळ धरावा, 1 जुलै 2015 ची वाढ देऊन वेतननिश्चिती सुधारावी आणि फरक द्यावा. पहिल्या मागण्या मुदतीवर पडल्या तरी ही टिकू शकते. सोबत विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज शपथपत्रासह जोडा. "मी वारंवार पाठपुरावा केला" एवढ्याने विलंब माफ होत नाही. कोणत्या तारखेला काय केलं आणि मधे का थांबलात हे कागदांसह सांगा. व्याज मागा, पण ते धरून हिशोब करू नका. लांबवलेल्या पगारावर आंध्र प्रदेशच्या प्रकरणात 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 6 टक्के दिलं होतं; तुमच्यासारख्या जुन्या दाव्यात हात आखडता राहतो.

कागद आधी गोळा करा. माहिती अधिकारात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द चालतात, म्हणून दोन अर्ज करा, प्रत्येकी 10 रुपये. एकात 2019 च्या आदेशाची टिपणी आणि नोटीस पाठवल्याची जावक नोंद मागा. नोंद नसेल तर "अभिलेखात आढळत नाही" असं लेखी घ्या. दुसऱ्यात सेवापुस्तकाची 2014 ते 2016 ची पानं आणि सातव्या आयोगाचा वेतननिश्चिती तक्ता. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा, स्मरणपत्र नको.

याच आठवड्यात बारावा अर्ज द्या, पण वेगळा: सक्षम प्राधिकाऱ्याच्या नावे, विहित मार्गाने, नियम 72 खाली कर्तव्यकाळाचा निर्णय घ्या, एवढीच मागणी. आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच हवी. निवेदनानंतर सहा महिने थांबावं लागतं म्हणून घाबरू नका. नकार आधीच लेखी मिळाला आहे, मूळ अर्जाची तयारी सोबतच सुरू ठेवा.

कोल्हापूरला ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, म्हणून अनेक जण थेट तिकडे निघतात. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला आधी मॅटच, आणि तुमच्या सांगली जिल्ह्यासाठी मॅट मुंबईत. जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नाहीत, त्यांना मात्र कोल्हापूरला रिट करता येते.

मॅटमध्ये शासनाचं उत्तर यायलाच तारखांवर तारखा जातात. ज्याची निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आली आहे त्याला हे परवडत नाही, आणि शासनाला मिळणारी ही मुदतवाढ मला मुळीच पटत नाही. त्यामुळे पहिल्याच तारखेला लवकर सुनावणीची विनंती करा आणि निवृत्तीची तारीख ठळक लिहा. कार्यालयात तुमची निवृत्तिवेतनाची कागदपत्रं तयार होऊ लागतील तेव्हा वेतननिश्चितीबाबत वाद प्रलंबित असल्याचं पत्र द्या आणि त्याची नोंद सेवापुस्तकात करून घ्या. सेवापुस्तकावर सही करायला बोलावलं, तर सहीसोबत "हरकत राखून" असं लिहा.