शेठ चार दिवस गावाला गेले, तर कारखाना कोण चालवणार?

तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. संभाजीनगरजवळ वाळूजला प्रेस शॉप आणि वेल्डिंग, साठेक माणसं, दुचाकीचे पार्ट, जवळजवळ सगळा माल एकाच कंपनीला. आयएटीएफचं, म्हणजे वाहन उद्योगातल्या क्वालिटीचं, सर्टिफिकेट आहे. मेहुण्याच्या लग्नाला चार दिवस परभणीला गेलात तर मांडवातही फोन कानाला. दोन सुपरवायझर हॉटेलातल्या लीडरशिप ट्रेनिंगला पाठवलेत, फरक शून्य. आता पुण्याहून एखादा अनुभवी जनरल मॅनेजर आणावा का, असं विचारताय.

आणू नका, निदान एवढ्यात तरी नको. तो आला तरी फोन तुम्हालाच येणार, फक्त आता तो करेल आणि जरा बऱ्या इंग्रजीत करेल.

आधी एक काम करा. खिशात छोटी डायरी ठेवा आणि पंधरा दिवस कंपनीतून आलेला प्रत्येक फोन एका ओळीत लिहा: कोणी केला, काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं. पहिल्याच आठवड्यात चित्र दिसायला लागेल. "शेठ, डायला (प्रेसच्या साच्याला) क्रॅक गेली, बाहेरून वेल्डिंग करून आणू का, आठशे मागतोय." "पत्र्याच्या कॉइलची गाडी आली, वजन कमी भरतंय, उतरवू का?" "पार्टच्या कडेला बर येतोय, खरखरीत लागतंय, लॉट पाठवू का थांबवू?" "दोघं आले नाहीत, डबल शिफ्ट लावू का?" यातल्या बहुतेक प्रश्नांना तुमची अक्कल लागत नाही. विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. तो फोन करतो तो जबाबदारी तुमच्या नावावर टाकायला. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. निर्णय बरोबर ठरला तर कोणी पाठ थोपटत नाही, चुकला तर चार जणांसमोर शोभा होते. मग फोन लावणं हेच शहाणपणाचं.

ट्रेनिंगने फरक का पडला नाही, तेही यातच आहे. मनोरे रचायचे, डोळ्यांवर पट्टी बांधून चालायचं, फ्लिप चार्टवर आपली स्वप्नं लिहायची, छान असतं सगळं. सोमवारी माणूस परत मशीनपाशी आला की आठशे रुपयांची वेल्डिंग करून आणायचीही त्याला मुभा नाही. शिकलेलं वापरणार कुठे?

आपल्याकडच्या माणसांबद्दल एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. तुमचे सुपरवायझर बहुधा गंगापूर, वैजापूर, पैठणकडचे असतील. घरी चार-पाच एकर शेती असेल. तोच माणूस जूनमध्ये आभाळाकडे बघून ठरवतो की आज पेरायचं का अजून चार दिवस थांबायचं. पाऊस दडी मारून बसला तर दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर उचलायचं की नाही, हेही तोच ठरवतो. कापूस भाव चढेपर्यंत घरात ठेवायचा की वेचणी झाली की विकून मोकळं व्हायचं, तेही. वर्षाची सगळी कमाई पणाला लावणारे निर्णय आहेत हे, आणि ते घेताना तो कुणाला फोन करत नाही. तुमच्या गेटमधून आत आला की त्याच माणसाला हॅकसॉ ब्लेड आणायलाही विचारावं लागतं. "आमच्या पोरांत लीडरशिप नाही" असं वाळूज-चिकलठाण्याच्या प्रत्येक बैठकीत ऐकू येतं. मला ते पटत नाही. ठरवायची सवय त्यांना आहे. कंपनीत ती गेटवरच काढून ठेवावी लागते.

आता तुमच्या रिसेप्शनमधल्या त्या सर्टिफिकेटबद्दल. आयएटीएफ १६९४९ च्या २०१६ च्या आवृत्तीत ५.३.२ हे कलम काढून वाचा. क्वालिटीची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना उत्पादन थांबवायचा आणि माल रोखायचा अधिकार असला पाहिजे, आणि तो प्रत्येक शिफ्टमध्ये असला पाहिजे, असं तिथे स्पष्ट आहे. म्हणजे रात्रपाळीच्या इन्स्पेक्टरला हा अधिकार तुम्ही कागदावर केव्हाच दिलेला आहे. त्याला विचारा, कधी वापरलास का? तसंच फॅक्टरी लायसन्सवर मॅनेजर म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा, आणि त्या माणसाला स्वतःच्या सहीने किती रुपये खर्च करता येतात तेही. दोन्ही उत्तरं मिळाली की पुढचं तुम्हाला मी सांगायची गरज उरणार नाही, पण तरी सांगतो.

अधिकार एकदम देऊ नका आणि तोंडी तर मुळीच देऊ नका. "आता सगळं तूच बघ" या वाक्याला काही अर्थ नसतो. तो विचार करतो, सगळं म्हणजे किती? एका कागदावर लिहा, सही करा, फळ्यावर लावा. सुरुवात डाय रिपेअर आणि कन्झ्युमेबल्सपासून, म्हणजे रोज लागणाऱ्या किरकोळ सामानापासून, करा. एका वेळी पाच हजारांपर्यंत, महिन्याला पंचवीस हजारांपर्यंत. आधी विचारायचं नाही, दुसऱ्या दिवशी बिल द्यायचं. आकडा तुमच्या धंद्याप्रमाणे ठरवा, पण असा ठरवा की पूर्ण बुडाला तरी तुमची झोप उडणार नाही. ते महिना-दीड महिना सुरळीत चाललं की लॉट थांबवायचा अधिकार. मग रजा आणि ओव्हरटाइम. पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत कोण कधी गावाकडे जाणार हे सुपरवायझर तुमच्यापेक्षा चांगलं जुळवतो, कारण कोणाच्या शेतात काय उभं आहे ते त्याला माहीत असतं. त्यानंतर डिस्पॅचचा क्रम. कस्टमरशी बोलणं सगळ्यात शेवटी. रेट, नवीन मशीन आणि नातेवाइकांची भरती, हे मात्र तुमच्याकडेच राहू द्या.

खरी परीक्षा पहिला निर्णय चुकेल त्या दिवशी, आणि ती तुमची आहे. समजा रात्री दोनला इन्स्पेक्टरने लॉट रोखला. गाडी उशिरा गेली, कस्टमरच्या लाइनवरून फोन आले, स्पेशल टेम्पो करावा लागला. सकाळी मोजलं तर पार्ट टॉलरन्समध्येच, म्हणजे चालणाऱ्या मापातच, होते. तुम्ही आठ वाजता शॉपवर पाय ठेवता. पुढच्या दहा मिनिटांत तुम्ही काय बोलता, त्यावर पुढची दोन वर्षं ठरतात. "एक फोन करायला काय झालं होतं?" एवढंच, अगदी हसत म्हणालात तरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या कंपनीला कळलेलं असतं की कागद खोटा आहे. त्याऐवजी माप तपासायचा गेज घ्या, त्याच्यासोबत उभे राहा, त्याला काय दिसलं ते विचारा. बहुतेकदा गेज घासलेला निघतो, नाहीतर ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन लावलेली असते. टेम्पोचं भाडं गेलं ते गेलं. हॉटेलातल्या कोर्सपेक्षा स्वस्तच पडलं.

फोन आलाच तर "तुला काय वाटतं?" असं विचारा आणि गप्प बसा. त्याने सांगितलेलं सत्तर टक्के बरोबर वाटलं तरी "कर" म्हणा. तुमची पद्धत जरा सरस असेलही, पण ती सांगितलीत की पुढचा फोन नक्की.

शिकवायचंच असेल तर शिकवायला शिकवा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांना ढिगाने नवखे कामगार घ्यावे लागले, तेव्हा फोरमन लोकांसाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाची पद्धत काढली होती. युद्धानंतर ती जपानला गेली आणि टोयोटाने उचलली. काम शिकवायच्या पायऱ्या चारच: नवख्याची भीड मोडा, काम तुकड्या-तुकड्याने करून दाखवा आणि प्रत्येक तुकड्यामागचं कारण सांगा, मग त्याच्याकडून करून घ्या आणि करताना कारण त्याच्याच तोंडून वदवा, शेवटी त्याला एकटा सोडून अधूनमधून बघत राहा. तिसऱ्या पायरीवर आपले लोक घाई करतात. "समजलं ना?" "हो." संपलं. सुपरवायझरला एवढं नीट जमलं तरी रिजेक्शन खाली येतं, आणि माणसं त्याला मानायला लागतात. डाय-टूलिंगचं तांत्रिक शिक्षण हवं असेल तर चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहेच.

माणूस निवडताना सगळ्यात चांगल्या ऑपरेटरला उचलून सुपरवायझर करू नका. चांगला ऑपरेटर जातो आणि रागीट सुपरवायझर मिळतो. मशीन अडलं की पोरं कोणाकडे जातात ते आठवडाभर बघा. बहुतेकदा तो फार बोलणारा नसतो.

आणि एक. अकाउंट वहिनी बघतात असं तुम्ही लिहिलंय, आणि पुढच्याच ओळीत सेकंड लाइन, म्हणजे तुमच्यामागे सांभाळणारं कोणी, नाही म्हणून रडताय! कोणाचं पेमेंट कधी येतं, कॉइलवाला कुठपर्यंत थांबतो, कोणता पार्ट नुसताच घाम काढतो, हे त्यांना तुमच्याइतकंच माहीत असणार. खरेदी आणि वसुलीचा अधिकार उद्याच त्यांना लेखी द्या. वाळूजमधल्या कितीतरी कंपन्या प्रत्यक्षात अशाच चालतात, व्हिजिटिंग कार्डवर नाव नसतं इतकंच.

आता ज्या गोष्टीवर तुम्ही एकच ओळ लिहिलीत ती: एकच कस्टमर. १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि आपल्यासारख्यांचे शेड उभे राहिले, हे उपकार विसरायचे नाहीत. पण अनुरंग जैन यांची वाहनांचे पार्ट बनवणारी एन्ड्युरन्सही त्याच वर्षी दोन अ‍ॅल्युमिनियम डाय कास्टिंग मशिनांवर सुरू झाली होती. पुढे त्यांनी इतर दुचाकी कंपन्यांना माल दिला, जर्मनी-इटलीत कारखाने घेतले आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आणली. दुसरी बाजूही आपल्याच जिल्ह्यातली आहे. टीव्ही-फ्रिजवाली व्हिडिओकॉन २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अशा वेळी कायद्याने बँका आणि कामगार पुढे असतात, माल पुरवणारे रांगेत बरेच मागे.

एकच कस्टमर असला की मालक हळूहळू त्या कंपनीचा बाहेरचा सुपरवायझर होऊन बसतो. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचं पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत व्हायला हवं, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. सरकारची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची) असेल तर तुम्हालाही लागू आहे. पण सगळी रोजीरोटी एकाच गेटवर असताना हे कलम कोण दाखवणार? धंद्याचा वीस-पंचवीस टक्के हिस्सा बाहेरून यायला लागला की निदान तसं पत्र लिहायला हात धजतो.

नवा कस्टमर आणायला मालकाला दिवस मोकळे लागतात, म्हणून क्रम आधी घरचा, मग बाहेरचा. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने आपल्याकडच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला, त्यामुळे सगळे बिडकीनकडे डोळे लावून बसलेत. तशा कंपनीची ऑडिट टीम आली की प्रश्न तुम्हाला नाही, प्रेसपाशी उभ्या माणसाला विचारते: पार्ट खराब निघाला तर तू काय करतोस? उत्तर देण्याआधी त्याने तुमच्याकडे बघितलं, तर ते त्यांच्या वहीत जातं.

जनरल मॅनेजरचा विचार वर्षभराने करा. तोवर डायरीतले फोन निम्म्यावर आले असतील तर कदाचित गरजच पडणार नाही. पडलीच, तर आत आधीच कोणाकडे काय अधिकार आहे हे त्याला कागदावर दाखवता येईल. ईआरपीचं, म्हणजे सगळा कारभार एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, शेवटी विचारलंत, त्याचंही तेच: आत्ता नको, टॅली आणि खडूचा फळा पुरे. डायरी झाली की फोनांची यादी इथे टाका, नावं गाळून. आधी कोणता अधिकार सोडायचा ते बघू.