सारंगखेड्याहून आणलेला घोडा लंगडतोय, आता पुढे काय?

माथेरानच्या एका घोडेवाल्या वाचकाचं पत्र आलं आहे. गेल्या दत्त जयंतीला त्यांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून १ लाख ४० हजार रुपयांना सहा वर्षांचा कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडा आणला. विकणारा दरवर्षी यात्रांमधून घोड्यांचा धंदा करणारा व्यापारी. होळीच्या सुमारास घोडा पुढच्या उजव्या पायाने लंगडू लागला. नाल बदलली, विश्रांती दिली, शेक दिला, पण चार पावलं नीट पडली की पुन्हा तेच. शेवटी डॉक्टरांनी नस बधिर करून तपासलं, एक्स-रे काढला आणि नाविक्युलरचा आजार असल्याचं सांगितलं. खुराच्या आतल्या छोट्या हाडाचं हे दुखणं सहसा पूर्ण बरं होत नाही, चढउतारावर तर जास्तच छळतं. धाकटा भाऊ म्हणतो, वेदनाशामक इंजेक्शन देऊन सीझन काढू. मामा म्हणतात, पुढच्या यात्रेत विकून टाक. शेजारी म्हणतात, खाली जंगलात सोडून दे. डॉक्टरांनी मात्र, पाय आणखी बिघडला तर त्याला शांतपणे कायमचं झोपवण्याचा विचार करावा लागेल, असं सुचवलं आहे. वाचक विचारतात: यातलं कायद्यात काय बसतं, आणि व्यापाऱ्याकडून पैसे परत मिळतील का?

दादा, घोड्याचं काय करायचं हे ठरवण्याचा अधिकार मालक म्हणून तुमचाच आहे. पण घरातून आणि शेजारातून आलेल्या तिन्ही सूचना तुम्हाला कायद्याच्या अडचणीत नेऊ शकतात, म्हणून आधी त्यांचं बोलतो.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० चं कलम ११ सांगतं की वय, आजार, जखम किंवा अशक्तपणामुळे कामाला अयोग्य झालेल्या जनावराला कामाला लावणं हा गुन्हा आहे. त्याला कामाला लावू देणारा मालकही त्यात तितकाच दोषी ठरतो. म्हणजे भावाने खोगीर चढवलं तरी तुम्ही सुटत नाही. इंजेक्शनने दुखणं झाकतं, पायातला बिघाड तसाच राहतो आणि त्यावर माणसाचं वजन पडतं. पहिल्या गुन्ह्याला या कायद्यात फक्त १० ते ५० रुपये दंड आहे. हा जुना आकडा आजही तोच आहे, आणि हे मला लाजिरवाणं वाटतं. पण त्या आकड्याकडे बघून निर्णय घेऊ नका. लंगडणारा घोडा दगडी उतारावर अडखळला आणि वरचा पर्यटक पडला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागू शकतं. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेतल्याबद्दल त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. पडणाऱ्याचा जीव गेला तर प्रकरण कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यूपर्यंत जातं. नुकसानभरपाईचा दावा वेगळाच. आणि घोडा अयोग्य आहे हे तुम्हाला माहीत होतं, हे सिद्ध करायला डॉक्टरांचा एक्स-रे पुरेसा होईल.

जंगलात सोडण्याचा विचारही मनातून काढा. उपाशी-तहानलेलं राहून जनावराला यातना होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणं हाही कलम ११ खालचा गुन्हाच आहे. ज्या घोड्याला सपाटीवर धड चालता येत नाही, तो पावसाळ्यात दरीच्या कडेला किती दिवस तग धरेल, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

मामांची सूचना वरवर निरुपद्रवी वाटते. घोडा विकायला कायद्याची आडकाठी नाही, मात्र दुखणं झाकून विकायला आहे. इंजेक्शन देऊन यात्रेत पळवून दाखवलात, तर तुम्ही आज ज्या व्यापाऱ्यावर चिडला आहात त्याच्याच जागी उभे राहाल, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची फिर्याद तुमच्यावर होईल. द्यायचाच असेल तर आजाराचं नाव, एक्स-रेची तारीख आणि 'हा घोडा ओझ्याला, स्वारीला किंवा वरातीला वापरणार नाही' हे घेणाऱ्याच्या सहीने कागदावर आणा. अशा अटीवर किंमत जवळजवळ मिळत नाही. म्हणून हा मार्ग म्हणजे विक्री नव्हे, घोड्यासाठी घर शोधणं आहे. पांजरापोळ किंवा म्हातारी जनावरं सांभाळणारी संस्था मिळाली तरी नुसतं नेऊन बांधू नका, ताबापावती करा. घोडा खाली न्यायचा तर गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरीपर्यंत त्याला चालावं लागेल आणि पुढे गाडीने. त्यासाठी प्रवासाला योग्य असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र बरोबर लागतं.

आता डॉक्टरांनी सुचवलेल्या गोष्टीकडे येतो. तुमच्या पत्रातला सगळ्यात जड प्रश्न तोच आहे, हे अक्षरावरून कळतं. असाध्य वेदनेत असलेल्या आपल्या जनावराला नोंदणीकृत पशुवैद्यकाकडून वेदनारहित मरण देणं हा गुन्हा नाही. त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३ मध्ये पोलीस, पशुवैद्यकीय अधिकारी आणि दंडाधिकारी यांची जी प्रक्रिया आहे, ती मुख्यतः मालक हजर नसेल किंवा संमती देत नसेल तेव्हासाठी, किंवा गुन्हा घडल्याचा संशय असेल तेव्हासाठी. गोवंश हत्याबंदीचा कायदा घोड्याला लागू नाही, त्यामुळे गावात कुणी तसं घाबरवत असेल तर घाबरू नका. मात्र इंजेक्शन डॉक्टरच देईल. गावातल्या 'जाणकारा'कडून हे करून घेणं बेकायदा आहे आणि घोड्याचे हाल करणारंही.

डॉक्टरांकडून लेखी मत घ्या: निदान काय, कोणते उपचार केले, विश्रांतीतही वेदना आहे का, आणि जगवणं क्रूरपणाचं का ठरेल. दुसरं मत घ्यायचं असेल तर परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. एक्स-रे आणि चालण्याचा व्हिडिओ आधी पाठवा, म्हणजे घोड्याला उगाच प्रवास नको. दाणा-चंदीचा खर्च परवडत नाही एवढ्याच कारणावर कुठल्याही डॉक्टरने सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विशेष नाल, टाचेला आधार आणि सपाट जागा मिळाली तर या आजाराचे काही घोडे कामाविना बरेच आयुष्य काढतात. तुमच्या घोड्याचं तसं होईल का, हे डॉक्टर सांगतील, मी नाही. झोपवायचं ठरलंच तर पुरण्याच्या जागेसाठी नगरपरिषदेला आधी कळवा आणि नंतर घोड्याच्या परवान्यावर नोंद करून घ्या. घोड्याचा विमा उतरवला असेल तर कंपनीला अगोदर लेखी कळवल्याशिवाय काहीही करू नका. पॉलिसीत कायमच्या अपंगत्वाचं संरक्षण आहे का तेही तपासा. ते असेल तर घोडा जिवंत असतानाही दावा होऊ शकतो.

राहिला व्यापारी. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्याच्या कलम १७ मध्ये फसवणूक समजावताना उदाहरण दिलं आहे ते सदोष घोड्याचंच. लिलावात घोडा विकणाऱ्याला दोष माहीत आहे आणि तो गप्प राहिला, तर ती फसवणूक नाही. पण घेणाऱ्याने म्हटलं, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निर्दोष आहे असं मी धरेन', आणि विकणारा गप्प बसला, तर ते गप्प राहणं म्हणजे बोलणंच. तुमची परिस्थिती या दोन्हींच्या मधली आहे. तुम्ही लिहिता त्याप्रमाणे, सौद्याच्या वेळी दलालासमोर व्यापाऱ्याला विचारलंत, 'पायाला काही नाही ना?' व्यापारी म्हणाला, 'पळवून बघा.' तुम्ही पळवलात आणि पैसे मोजलेत. कलम १९ चा अपवाद इथे आडवा येतो: साधी काळजी घेऊन सत्य कळू शकलं असतं, तर नुसत्या गप्प राहण्याच्या आधारावर सौदा मोडता येत नाही. व्यापाऱ्याचा वकील विचारेल, डॉक्टर का नेला नाही?

तुमचं उत्तर दोन गोष्टींवर उभं राहील. पहिली, हा दोष पळवून दिसणारा नव्हता. नस बधिर करून आणि एक्स-रे काढूनच कळला. दुसरी, हाडातले बदल किती जुने आहेत. डॉक्टर लेखी देऊ शकले की ते यात्रेच्या आधीचे आहेत, तर तुमची बाजू बरीच मजबूत होते. त्या दिवशी वेदनाशामक दिलं होतं हे सिद्ध झालं, तर ते नुसतं गप्प राहणं नव्हे, दोष मुद्दाम झाकणं होतं, आणि मग तो अपवाद व्यापाऱ्याला वाचवत नाही. पण इतक्या महिन्यांनी रक्तात काही सापडणार नाही, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नका. त्या दलालाला मात्र भेटा. त्या वेळी त्याला काय ऐकू आलं, हे त्याच्याकडून आत्ताच लिहून घ्या.

दावा दिवाणी न्यायालयाऐवजी जिल्हा ग्राहक आयोगात करा. धंद्यासाठी घेतलेली वस्तू एरवी ग्राहक कायद्यात बसत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली बसते, आणि तुम्ही स्वतः घोडा धरून चालता. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे नंदुरबारच्या फेऱ्या नकोत, रायगड जिल्ह्यातच काम होईल. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. ती खरेदीच्या तारखेपासूनच मोजा, म्हणजे वाद राहणार नाही.

मागायचं काय, यावर माझं ठाम मत आहे. 'सौदा रद्द करून पूर्ण पैसे परत' अशी मागणी केलीत, तर घोडाही त्या व्यापाऱ्याला परत द्यावा लागेल, आणि तो पुढच्या कुठल्यातरी यात्रेत इंजेक्शन देऊन उभा केला जाईल. शिवाय तुमच्या पत्राप्रमाणे लंगडणं कळल्यावरही तुम्ही काही दिवस घोडा चालवलात, त्यामुळे सौदा रद्द करण्याची मागणी तशीही कमजोर आहे. त्याऐवजी नुकसानभरपाई मागा: निर्दोष घोड्याची किंमत आणि या घोड्याची खरी किंमत यातला फरक, उपचाराचा खर्च आणि बुडालेली कमाई. असं केलंत तर घोडा तुमच्याच ताब्यात राहतो.

पुराव्यासाठी त्याला वेदनेत ठेवू नका. आधी व्यापाऱ्याला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि स्वतःच्या डॉक्टरकडून घोडा तपासून घ्यायला पंधरा दिवस द्या. डॉक्टर म्हणाले की तेवढंही थांबता येणार नाही, तर एक्स-रे, व्हिडिओ आणि खुराचं शवविच्छेदन एवढ्यावर तक्रार चालते. समझोत्याला तो तयार झाला आणि रक्कम निम्म्याच्या वर असेल, तर माझ्या मते घ्या. फक्त समझोत्याच्या कागदावर घोडा परत देण्याचं कलम येऊ देऊ नका.