सरकारी ती सरकारी?

फोंड्याहून लिहिताय, लेक फर्मागुडीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला सरकारात इंटरनेट धोरणाचं काम करायचंय. तुम्ही तिला एलडीसीचा, म्हणजे कनिष्ठ कारकुनाचा फॉर्म भरायला लावलात, कारण 'सरकारी ती सरकारी, धोरण आयएएसवाले बघतात.'

दोन पानी पत्रात शेजाऱ्यांच्या मुलाची पर्वरीच्या सचिवालयातली नोकरी आहे, पेन्शन आहे, लग्नाचं वय आहे. लेकीला हे काम का करावंसं वाटतं, याची एक ओळ नाही. विचारलंत तरी का? आणि ज्या जुन्या पेन्शनसाठी हा खटाटोप, ती नव्या भरतीला नाहीच.

आता ते 'आयएएसवाले बघतात.' आदेशावर सही त्यांची, खरं. पण आयटी कायद्याच्या कलम 69ए खाली साइट बंद करा म्हटलं की पुढे काय होतं? डीएनएसवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत अडवली, तर लोक डीएनएस सर्व्हर बदलून आत शिरतात. आयपी पत्ता, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता अडवला, तर त्याच पत्त्यावर बसलेल्या भलत्याच साइटही बंद पडतात. एकच पान अडवायचं, तर एचटीटीपीएसच्या कुलूपबंद जोडणीमुळे इंटरनेट कंपनीला साइटचं नाव कळतं, पान कळत नाही. सही व्हायच्या आधी हे सांगणारा इंजिनिअर तिथे लागतो. अमेरिकेत एफटीसी या ग्राहक संरक्षण पाहणाऱ्या आयोगाचे पहिले चीफ टेक्नॉलॉजिस्ट एड फेल्टन हे प्रिन्स्टनचे संगणकशास्त्राचे प्राध्यापक. 2011 मध्ये आले, पुढे परत शिकवायला गेले. आपल्याकडेही असं काम बरेचदा कराराचं असतं. हे तुम्हाला रुचणार नाही.

लेकीलाही एक सांगतो: पदवी हातात पडली की थेट धोरणात जाऊ नकोस. तीनेक वर्षं इंटरनेट कंपनीत किंवा डेटा सेंटरमध्ये काढ. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांत सायबर घटना 6 तासांत कळवा, लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, 180 दिवस ठेवा असं आहे. रात्री दोनला सर्व्हर पडलेला असताना ते 6 तास कसे जातात, हे फायलीतून कळत नाही. गेट परीक्षा, सरकारचं संगणकाचं काम पाहणाऱ्या एनआयसीच्या जाहिराती, यूपीएससी हे सरकारात शिरायचे रस्ते आहेतच.

तोवर दूरसंचार नियामक ट्रायचा एखादा कन्सल्टेशन पेपर घे, म्हणजे नियम करण्याआधी लोकांची मतं मागवणारी प्रश्नावली. फेब्रुवारी 2016 मध्ये साइटप्रमाणे डेटाचे वेगवेगळे दर लावण्यावर बंदी आली ती अशाच प्रक्रियेतून. मुलं तिथे 'इंटरनेट हा हक्क' असा निबंध पाठवतात, तो वाया जातो. आपल्याला कळतात तेवढेच प्रश्न निवडायचे, प्रश्न क्रमांक टाकून आकड्यांसह उत्तर द्यायचं, दोन पानांत, मुदतीआधी. ते नावासह प्रसिद्ध होतं. मुलाखतीत दाखवता येतं.

एलडीसीच्या परीक्षेला बसायचं की नाही, ते तिला ठरवू द्या. आणि पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ दे.