घर एकच, एजंट दोन

प्रश्न : आम्ही पती-पत्नी फोंड्यात राहतो. निवृत्तीच्या पैशांतून डिचोली तालुक्यात ४०० चौरस मीटर जागेसह एक जुने कौलारू घर घेण्याचा आमचा विचार आहे. तेच घर आम्हांला दोन एजंटांनी दाखवले. पणजीतील मोठ्या एजन्सीने ६८ लाख रुपये सांगितले. तिच्याकडे रेराचे (स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचे) नोंदणी प्रमाणपत्र आहे, इंटरनेटवर भरपूर चांगले अभिप्राय आहेत, आणि शनिवारपर्यंत १ लाख टोकन द्यावे असा तिचा आग्रह आहे. डिचोलीतील लहान एजंट ६५ लाख सांगतो. त्याच्याकडे रेराची नोंदणी नाही. यांतील चांगले कोण, हे कसे ओळखावे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आधी प्रमाणपत्राविषयी. २०१६च्या रेरा कायद्यातील कलम ९ प्रमाणे, नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका किंवा भूखंड विकून देणाऱ्या एजंटाने नोंदणी करणे सक्तीचे आहे. आपण पाहिलेले घर अशा प्रकल्पातले नाही. जुने घर एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात आहे, आणि त्यासाठी ही सक्ती नाही. म्हणून प्रमाणपत्र ही पणजीच्या एजन्सीची जमेची बाजू मानली, तरी ते नाही एवढ्यावरून डिचोलीच्या एजंटाला बाद करू नये. उद्या पर्वरीत बांधकाम चालू असलेली सदनिका पाहायला गेलात, तर मात्र प्रकल्पाचा आणि एजंटाचा, दोन्ही नोंदणी क्रमांक गोवा रेराच्या संकेतस्थळावर तपासल्याशिवाय पैशांचे बोलूच नये.

अभिप्रायांना मी फारसे वजन देत नाही. घराची चावी हातात पडली की माणूस आनंदाने चार ओळी लिहितो. आपल्याकडच्या जमिनीतले दोष मात्र पुष्कळदा उताऱ्यावर नाव चढवताना, किंवा विसरलेला एखादा वारस दारात येऊन उभा राहिल्यावर कळतात.

खरा फरक कळायला दोघांनाही एकाच दिवशी तेच दोन प्रश्न विचारा. पहिला : खरेदीखतावर कोणाकोणाच्या सह्या लागतील? गोव्याच्या नागरी कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसल्यास, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. त्यामुळे घर वडिलांच्या नावावर असेल, ते वारले असतील आणि मागे चार विवाहित भावंडे असतील, तर वारसा-पत्र किंवा इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटण्याची न्यायालयीन प्रक्रिया) झाली आहे का, आणि भावंडांचे जोडीदार सही करायला तयार आहेत का, हे एजंटाला माहीत असायलाच हवे. ‘मालक सगळे बघतो’ असे उत्तर देणाऱ्याने घर विकायला घेताना कागद पाहिलेलेच नाहीत, असे समजावे.

दुसरा प्रश्न : एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीवरील हक्कांची सरकारी नोंद, दाखवता का? माझ्या बहिणीसाठी घर शोधत असताना एका मोठ्या एजन्सीने आम्हांला रंगीत छायाचित्रे दिली, उतारा काही दिला नाही. तीन वेळा मागितल्यावर ‘टोकननंतर देऊ’ असे सांगितले. त्याच घरासाठी आम्ही म्हापशातल्या दोन खोल्यांच्या एका कार्यालयात गेलो. तिथल्या गृहस्थांनी उतारा टेबलावर पसरला, इतर हक्कांच्या रकान्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, ‘हे मुंडकाराचे नाव आहे. हे मिटेपर्यंत पैसे देऊ नका.’ मुंडकार म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहणारा. कमिशन हातचे जात असताना त्यांनी ते सांगितले, हे मी अजून विसरलेलो नाही. १९७५च्या मुंडकार कायद्याने त्या माणसाला संरक्षण आहे, ते असायलाही हवे, आणि नव्या मालकावरही ते बंधनकारक राहते. कुळाचा रकानाही असाच पाहावा. शिवाय हा उतारा मालकीचा अंतिम पुरावा होत नाही, हे जो एजंट आपण न विचारता सांगेल, त्याच्यावर थोडा अधिक विश्वास टाकायला हरकत नाही.

भावातल्या ३ लाखांच्या फरकावर घाईने निष्कर्ष काढू नका. मालकाच्या अपेक्षेवर कोणी आपली रक्कम चढवली असेल, किंवा एकाने कमिशन धरले आणि दुसऱ्याने वेगळे ठेवले असेल. रेरा कायद्याने दलालीचा दर ठरवून दिलेला नाही. म्हणून किती टक्के, कोणाकडून आणि केव्हा, हे दोघांकडूनही लिहून घ्या, आणि तो मालकाकडूनही दलाली घेणार आहे का, हे स्पष्ट विचारा.

शनिवारची मुदत आपल्यावर बंधनकारक नाही. त्याआधी उतारा, झोनिंग दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी राखलेली आहे, हे सांगणारा) आणि सह्या करणाऱ्यांची यादी हातात पडली, तर पणजीच्या एजन्सीशीही जरूर बोला. टोकन द्यायचेच झाले, तर ते धनादेशाने मालकाच्या नावे द्यावे, आणि पावतीवर सर्वे क्रमांकासह ‘कागदांत दोष आढळल्यास रक्कम परत’ असे लिहून घ्यावे. ही ओळ लिहायला जो नकार देईल, त्याच्याकडून हे घर घेऊ नका, मग ते हातचे गेले तरी चालेल. आणि मालकीचा शोध घेणारा वकील आपण स्वतः नेमा. दोघांपैकी कोणत्याही एजंटाने सुचवलेला नको.