हापूस उतरवल्यानंतरची काळजी

पहिल्याच हंगामात आपले बरेच हापूस आंबे अढीत (पिकवण्यासाठी रचलेल्या पेंढ्याच्या थरांत) काळे का पडले, असे आपण विचारले आहे. दोष बहुधा अढीचा नसून काढणीचा असावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या नूतन झेल्याने (फळ देठासह कापून जाळीत झेलणाऱ्या काठीने), उन्हे चढण्यापूर्वी, चौदा आणे (म्हणजे जवळजवळ पूर्ण, पण अजून न पिकलेले) तयार झालेले फळ ४ ते ५ सेंटिमीटर देठ राखून उतरवावे, कारण देठ मुळाशी तुटला की चीक सालीवर ओघळून डाग पडतात आणि त्या जखमेतून कूज आत शिरते. उतरवलेली फळे तापलेल्या कातळावर न ठेवता लगेच सावलीत न्यावीत, कारण जमिनीच्या धगीने साका (गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) वाढतो. अढीचा पेंढा कोरडाच हवा. कच्चा हापूस फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये. १० अंश सेल्सिअसखालील थंडीने त्याला इजा होऊन तो पुढे नीट पिकत नाही.